ताई, तुमचे आभार मानायचेत

योगा शिकवणाऱ्या आमच्या ताई, नमस्कार. समोर आभार मानायला गेलं की तुम्ही "जाऊ द्या हो" म्हणून विषय बदलता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहून राहिले, आता तुम्हाला ऐकावंच लागेल.

ब्रेस्ट कॅन्सरचं ऑपरेशन, काखेतल्या गाठी काढल्या, मग केमो, मग रेडिएशन, आणि त्यात आपला अमळनेरचा उन्हाळा. सगळे मायेने सांगायचे की आराम कर, हात हलवू नको, आणि हात आखडतच गेला. वेणी घालायला मुलगी लागायची, ब्लाउजमध्ये हात घालताना डोळ्यात पाणी यायचं. आमच्याच ओट्यावर गल्लीतल्या बायका उडदाचे पापड लाटत होत्या आणि मी खुर्चीवर बसून नुसती बघत होते, तेव्हा तुम्ही शेजारी येऊन बसल्या आणि विचारलं, डॉक्टरांनी हात किती वर न्यायला सांगितलाय? तोपर्यंत हे मला कोणी विचारलंच नव्हतं.

मला वाटायचं योगा म्हणजे २१ जूनला मैदानावर दिसतो तो, भराभर सूर्यनमस्कार, ते आपल्याला कुठून जमणार! तुम्ही आधी डॉक्टरांची परवानगी घ्यायला लावली, टाके पूर्ण भरले का ते बघितलं, मगच सुरू केलं आणि तेही भिंतीपाशी उभं राहून. बोटं भिंतीवरून हळूहळू वर चालवायची, ताण जाणवला की थांबायचं, दुखायच्या आधीच थांबायचं, श्वास सोडायचा आणि परत खाली. जिथपर्यंत बोटं पोचली तिथे तुम्ही पेन्सिलने बारीक रेघ मारायच्या. मी जोर लावला की लगेच "काय घाई शे?" म्हणायच्या. त्या रेघा अजून हॉलच्या भिंतीवर आहेत, दिवाळीला रंग काढला तेव्हा तेवढा पट्टा सोडायला लावला मी.

काखेतल्या गाठी काढल्या की हातातलं पाणी वाहून जायची वाट कमी होते, सूज येऊ शकते, म्हणून त्या हातावर अंगाचा भार टाकायचा नाही हे तुम्ही पहिल्या दिवसापासून पाळलं. मार्जारासन हात आणि गुडघे टेकून न करता खुर्चीवर बसून करवलं, पालथं झोपून हातांवर छाती उचलायच्या भुजंगासनाला तर हातच लावला नाही. हात जरा जड वाटला की तुम्ही क्लास बंद करून आधी डॉक्टरांकडे पाठवायच्या. योगाने कॅन्सर बरा होतो असं एकदाही म्हटलं नाही, औषध डॉक्टरांचं आणि हा त्याला आधार एवढंच, आणि म्हणूनच माझा तुमच्यावर विश्वास बसला, कारण त्या दिवसात काढे आणि चमत्कार सांगणारे खूप येऊन गेले.

केमोनंतर अंगात काहीच त्राण नसायचं त्या दिवसात तर तुम्ही आसनच करू द्यायच्या नाही. गोधडीची गुंडाळी डोक्याखाली, पाय खुर्चीवर, आणि फक्त श्वास, चार मोजून आत, सहा मोजून बाहेर. श्वास सावकाश सोडला की हृदयाचे ठोकेही जरा संथ होतात हे तुम्ही माझंच बोट नाडीवर ठेवून दाखवलं. रात्री रिपोर्टच्या विचाराने झोप उडायची तेव्हा भ्रामरी करायचे, म्हणजे भुंग्यासारखं गुणगुणत श्वास सोडायचा, तो घुमणारा आवाज कानात राहिला की बाकीचे विचार जरा मागे सरकायचे. भीती गेली नाही, पण झोप लागायला लागली आणि माझ्यासाठी ते खूप होतं.

स्वामी कुवलयानंद आपल्या अमळनेरला खानदेश एज्युकेशन सोसायटीत शिकवायचे, पुढे १९२४ ला त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम ही योगाची संस्था काढली आणि योगाचा शरीरावर काय परिणाम होतो ते प्रयोगशाळेत तपासलं, हे मला तुमच्याकडूनच कळलं. इतकी वर्षं याच गावात राहून मला माहीत नव्हतं बघा. आता घरी कोणी पाहुणे आले की मी हे अभिमानाने सांगते.

आता वेणी माझी मीच घालते. वरच्या फळीवरचा डबा मात्र अजून डाव्या, म्हणजे ऑपरेशन न झालेल्या बाजूच्या हातानेच काढते, तुम्ही रागवाल म्हणून नाही, पटलंय म्हणून.

अजून एक, फी तर तुम्ही कधी घेतली नाही, पण एक मागणं आहे. मागच्या गल्लीतल्या एका वहिनींचं ऑपरेशन झालंय, त्यांच्या डॉक्टरांनी हलके व्यायाम चालतील म्हणून सांगितलंय पण त्या घराबाहेर पडायला लाजून राहिल्या. सोमवारी संध्याकाळी माझ्याकडे त्यांना बोलावलंय, खुर्च्या आणि गोधड्या काढून ठेवते, तुम्ही या.