आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र: गाठ पुन्हा भरते आहे

माननीय आरोग्यमंत्री महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या कार्यालयाचं उत्तर काल हाती आलं. मेंदूतल्या गाठीच्या पिशवीत किरणोत्सारी औषध सोडण्याच्या उपचारासाठी आम्ही एक केंद्र मागितलं होतं. ऑपरेशनची सोय आहे, म्हणून वेगळ्या केंद्राची गरज नाही म्हणे. हेच केंद्र वर्षभरात सुरू करू, असं आपणच सभागृहात सांगितलं होतं. त्या शब्दावर आम्ही थांबलो.

माझ्या मुलीला क्रॅनिओफॅरिंजिओमा, म्हणजे मेंदूच्या तळाशी होणारी गाठ, आहे. गाठ कॅन्सरची नाही, हे ऐकून लोकांना हायसं वाटतं. पण ती पिट्युटरी ग्रंथी आणि डोळ्यांच्या नसा यांच्या बेचक्यात बसली आहे आणि तिच्यातली पिशवी इंजिन ऑइलसारख्या काळपट द्रवानं भरत राहते. समूळ काढायला जावं तर नजर जाण्याची भीती. मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागाला धक्का लागला तर भूक, तहान, झोप कशालाच धरबंध राहत नाही. नुसता द्रव ओढून काढला की पुन्हा भरतो. माझ्या लेकीची दोन्ही डोळ्यांची कडेची नजर गेली आहे. शेजारी बसलेली मी तिला मान वळवल्याशिवाय दिसत नाही. साहेब, हे रोज बघवत नाही.

नळीवाटे त्या पिशवीतच फॉस्फरस-३२ किंवा यट्रियम-९० हे किरणोत्सारी औषध सोडता येतं. त्यातून निघणारे किरणोत्साराचे कण (बीटा कण) काही मिलिमीटरच जातात आणि द्रव तयार करणारं अस्तर आतून निकामी करतात. स्वीडनच्या लार्स लेक्सेल यांनी १९५० च्या दशकातच हा उपचार केला होता! भरीव गाठीला तो चालत नाही, पिशवी गळत असेल तर करता येत नाही, नस अगदी लगत असेल तर नजरेला धोका असतो. डॉक्टरांनी सगळं समजावलंय. निर्णय त्यांनीच घ्यावा, पण त्यासाठी औषध तर मिळायला हवं.

यट्रियम दर ६४ तासांनी निम्मं होतं, फॉस्फरस साधारण १४ दिवसांनी. ते आणून ठेवून देता येत नाही. रुग्णाची तारीख, पिशवीचं आकारमान, मात्रेचा हिशोब, वाहतूक, सगळं एकदम जुळावं लागतं. आणि तुमच्याकडे एक परवानगी महिनोन्‌महिने या टेबलावरून त्या टेबलावर फिरते. मोठ्या यंत्रांची उद्घाटनं होतात, फोटो छापून येतात. मोजक्या रुग्णांच्या आजाराला या व्यवस्थेत वालीच नाही, कारण त्यांची मतं मोजकी.

एक केंद्र द्या. परवानग्या एका खिडकीवर आणा. नकार कोणत्या मेंदूतज्ज्ञाच्या सल्ल्यानं दिलात, तेही लेखी कळवा. पुढचा एमआरआय व्हायच्या आत.

एका रुग्ण मुलीची आई