पहिला एरर वाचायला शिकवा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

अभियांत्रिकीच्या संगणक शाखेतील प्रात्यक्षिके तयार सॉफ्टवेअर बसवण्यापुरती उरली आहेत, अशी तक्रार आपल्या वाचकपत्रांतून अधूनमधून केली जाते. तिला एक आश्वासक अपवाद आहे. काही विद्यार्थी स्वतःच्या हौसेने संपूर्ण लिनक्स प्रणाली मूळ सोर्स कोडपासून उभारण्याचा घाट घालतात आणि त्यासाठी गेरार्ड बीकमन्स यांनी १९९९ मध्ये सुरू केलेल्या ‘लिनक्स फ्रॉम स्क्रॅच’ या मार्गदर्शिकेचा आधार घेतात. मात्र यांतील बरेच जण पहिल्या काही पायऱ्यांतच थांबतात. त्याचे कारण विषयाच्या अवघडपणापेक्षा एरर वाचण्याच्या पद्धतीत अधिक आहे, असे माझे अध्यापनातील निरीक्षण असल्याने हे पत्र लिहीत आहे.

बिल्ड, म्हणजे सोर्स कोडपासून चालणारा प्रोग्राम तयार करण्याची प्रक्रिया, बंद पडला की विद्यार्थी टर्मिनलवरची शेवटची ओळ उतरवून घेतो आणि मदत मागतो. ती ओळ बहुतेक वेळा बिल्डमधील कामे चालवणाऱ्या ‘मेक’ या साधनाने छापलेली ‘एरर २’ अशी असते, आणि तिच्यातून एवढेच कळते की आतल्या एखाद्या डिरेक्टरीतले काम फसले व त्याची वर्दी एकेक पायरी चढत बाहेर आली. प्रोसेसरच्या सर्व कोअरवर एकाच वेळी कामे सोडलेली असली, तर एक काम फसल्यानंतरही आधीच सुरू झालेली इतर कामे आपापला मजकूर छापत राहतात आणि खरा एरर शेकडो ओळी वर निघून जातो. म्हणून संपूर्ण मजकूर फाइलमध्ये साठवावा, वरून खाली वाचत पहिला एरर शोधावा, आणि तरीही गोंधळ राहिला तर एका वेळी एकच काम चालवून बिल्ड पुन्हा करावा. एक हेडर फाइल (इतर फाइलींना लागणाऱ्या घोषणांची फाइल) सापडली नाही की तिच्यावर अवलंबून असलेल्या ठिकाणी पन्नास एरर उमटू शकतात. ते पन्नास सोडवत बसण्यात अर्थ नसतो.

पायऱ्यांचा क्रम हा याच प्रश्नाचा दुसरा भाग आहे. या मार्गदर्शिकेत बिनयुटिल्स (तयार भाग जोडणारा लिंकर व तत्सम साधने) आणि जीसीसी (सोर्सचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा कंपायलर) यांची पहिली फेरी, त्यानंतर कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, हेडर, मग जीलिबसी ही सी भाषेची मूलभूत लायब्ररी, पुढे सी प्लस प्लसची मानक लायब्ररी आणि नंतर पुन्हा बिनयुटिल्स व जीसीसीची दुसरी फेरी, असा क्रम आहे. यजमान प्रणालीतील, म्हणजे ज्या चालू प्रणालीवर हे काम होते तिच्यातील, लायब्ररींचा नव्या प्रणालीत शिरकाव होऊ नये, हा त्यामागील हेतू आहे. जीलिबसी तयार झाल्यावर एक क्षुल्लक प्रोग्राम कंपाइल करून तो कोणता डायनॅमिक लिंकर (प्रोग्राम सुरू होताना लायब्ररी जोडून देणारा) मागतो, हे तपासायला सांगितलेले असते. नेमकी हीच तपासणी ‘एरर तर काही आला नाही’ म्हणून गाळली जाते, आणि मग चूक पुढच्या एखाद्या असंबंधित पॅकेजमध्ये उघडी पडते, जिथे तिचा मागमूस लागणे कठीण होते. तसेच यजमान प्रणालीत ‘एसएच’ ही आज्ञा बॅश या शेलकडे आणि ‘ऑक’ ही गॉक या प्रोग्रामकडे वळलेली आहे ना, हे सुरुवातीलाच पाहायला सांगितलेले असते. तेही उरकायचे काम समजले जाते. एखादी पायरी फसल्यावर त्याच अर्धवट डिरेक्टरीत पुन्हा ‘मेक’ चालवण्याऐवजी ती पुसून टाकून सोर्स नव्याने उलगडणे, हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

मात्र आजच्या विद्यार्थ्यांना सर्वाधिक अडवणारी गोष्ट वेगळीच आहे. सोर्स तोच राहतो आणि कंपायलर अधिक कडक होत जातो. २०२० मधील जीसीसी १० पासून, एखादा ग्लोबल व्हेरिएबल ‘एक्स्टर्न’ न लिहिता हेडरमध्ये ठेवला आणि ते हेडर अनेक फाइलींत आले, तर लिंकर ‘मल्टिपल डेफिनिशन’ म्हणून अडतो. त्यापूर्वी असे प्रोग्राम निमूटपणे लिंक होत असत. मे २०२४ मधील जीसीसी १४ ने, जाहीर न केलेले फंक्शन वापरणे आणि विसंगत पॉइंटर एकमेकांना देणे यांना वॉर्निंगऐवजी एरर ठरवले. यांपैकी पहिली सवलत सी भाषेच्या मानकातून १९९९ मध्येच काढून टाकलेली होती, पण कंपायलरने ती पाव शतक चालवून घेतली. एप्रिल २०२५ मधील जीसीसी १५ मध्ये सी२३ हे मानक गृहीत धरले जाऊ लागले, ‘बूल’ हा राखीव शब्द झाला आणि फंक्शनच्या रिकाम्या कंसाचा अर्थ ‘एकही आर्ग्युमेंट नाही’ असा पक्का झाला.

या शेवटच्या बदलाचे एक उदाहरण मला फार बोलके वाटते. जीसीसीला लागणाऱ्या जीएमपी या लायब्ररीची ६.३.० ही आवृत्ती जीसीसी १५ ने बांधायला गेले, की बिल्डपूर्वी यंत्रावर काय उपलब्ध आहे हे तपासणारी तिची ‘कॉन्फिगर’ स्क्रिप्ट चालणारा कंपायलर सापडत नसल्याचे सांगून थांबते. कंपायलर तर ठणठणीत असतो. स्क्रिप्टच्या आतील चाचणीचा छोटा प्रोग्राम जुन्या धाटणीने रिकामा कंस लिहून त्या फंक्शनला आर्ग्युमेंट देतो, आणि तोच नव्या मानकात बसत नाही. हे त्या तपासणीची नोंद असलेली ‘कॉन्फिग.लॉग’ ही फाइल उघडून पाहणाऱ्याला थोड्या वेळात कळते. न उघडणारा कंपायलर पुन्हा बसवत राहतो. याहून वाईट प्रकार म्हणजे कधी कधी अशी चाचणी फसल्यावरही स्क्रिप्ट थांबत नाही, तपासलेली सुविधा या यंत्रावर नाही असे मानून पुढे जाते, बिल्ड विनाएरर पूर्ण होतो आणि तयार झालेल्या प्रोग्राममध्ये एक क्षमता गुपचूप कमी असते. कंपायलरला ‘एफपरमिसिव्ह’, ‘एफकॉमन’ हे जुनी ढिलाई परत देणारे किंवा जुने मानक निवडणारा पर्याय देऊन गाडी पुढे ढकलता येते, आणि दुसऱ्याच्या जुन्या कोडसाठी मी त्याला आक्षेप घेणार नाही. पण कोणता एरर दाबण्यासाठी कोणता पर्याय दिला, हे लिहून ठेवलेले नसेल तर तो उपाय म्हणता येणार नाही.

यंत्राकडे संशयाने पाहण्याची वेळ क्वचित येते, परंतु तिची खूण स्पष्ट आहे. एकच काम चालवूनही एरर दर वेळी वेगळ्या फाइलवर येत असेल, तर मेमरीची तपासणी करावी. कंपायलर ‘किल्ड’ एवढेच म्हणून बंद पडला, तर बहुधा मेमरी संपल्याने कर्नलने तो मारलेला असतो. कर्नलचा लॉग पाहून खात्री करावी आणि एका वेळच्या कामांची संख्या घटवावी.

आयआयटी मुंबईत प्रा. उदय खेडकर यांनी जीसीसीच्या अंतर्रचनेवर कार्यशाळा घेतल्या आहेत, तेव्हा या विषयाची परंपरा महाराष्ट्रात नाही असे म्हणता येणार नाही. माझी सूचना त्या मानाने फार लहान आहे. पदवीच्या तिसऱ्या वर्षात एका प्रात्यक्षिकासाठी मुद्दाम बिघडवलेला बिल्ड द्यावा आणि विद्यार्थ्याने पूर्ण लॉग, त्यातील पहिला एरर, त्याचे कारण व ते पडताळून पाहण्यासाठी केलेली तपासणी, एवढे जर्नलमध्ये लिहावे. बिल्ड शेवटी यशस्वी झाला की नाही, यावर गुण अवलंबून ठेवू नयेत. विद्यापीठांच्या अभ्यासमंडळांनी यासाठी नवा विषय काढण्याची गरज नाही; कंपायलर आणि ऑपरेटिंग सिस्टिम या चालू विषयांच्या प्रयोगयादीत त्याला जागा आहे.

आपला विश्वासू,
संगणक विभागातील एक अध्यापक, कोल्हापूर