वीस रुपयांसाठी आयोगात कोण जाणार?

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात भुसावळजवळ महामार्गावरील एका बर्गरच्या दुकानात नातवंडांना घेऊन गेलो होतो. तिथेच टेबलावर बसून खाल्ले, तरी बिलात ‘पॅकिंग चार्ज’चे 20 रुपये लावलेले होते. विचारणा केली तेव्हा काउंटरवरचा मुलगा आदबीने म्हणाला, “काका, ते सिस्टीममध्येच आहे, काढता येत नाही.” म्हणजे तिथे बसून खाणाऱ्या प्रत्येकाकडून ही रक्कम घेतली जात असणार.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 35 नुसार, एकच गाऱ्हाणे असलेल्या अनेक ग्राहकांच्या वतीने एखाददुसऱ्या ग्राहकालाही जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाच्या परवानगीने तक्रार दाखल करता येते. मात्र सर्वांचे हितसंबंध समान आहेत हे त्या तक्रारीत दाखवावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये एका गृहप्रकल्पाच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. घरखरेदीत प्रत्येकाचा व्यवहार निराळा असल्याने ते अवघड जाते. सर्वांच्या बिलावर छापून येणाऱ्या एकाच ओळीबाबत तितके अवघड जाऊ नये.

अमेरिकेत अशा सामूहिक दाव्यांची परंपरा जुनी आहे. फ्रेंच फ्राइजमध्ये गोमांसाचा अर्क असल्याचे लपवल्याच्या तक्रारींवरून मॅकडोनाल्ड्सला 2002 मध्ये माफी मागून 1 कोटी डॉलर शाकाहारी, हिंदू व अन्य संस्थांना देण्याचे मान्य करावे लागले. अर्थात तिथले सगळेच अनुकरणीय नाही. सबवेचे बारा इंची सँडविच अकराच इंच भरते, या दाव्यातील तडजोडीत वकिलांच्या वाट्याला 5 लाख 20 हजार डॉलर आणि सर्वसामान्य ग्राहकांच्या हाती भोपळा, असा प्रकार होता. अपील न्यायालयाने 2017 मध्ये ती तडजोडच फेटाळली.

आपल्याकडे 20 रुपयांसाठी चोपड्याहून जळगावच्या आयोगात खेटे घालणारा ग्राहक मिळणे कठीण, कारण एसटीचे भाडेच त्याहून अधिक पडते, आणि दुकानदाराचा हिशेब नेमका यावरच बसलेला असतो. म्हणूनच जळगाव, धुळे व नंदुरबारमधील नोंदणीकृत ग्राहक संघटनांनी अशी बिले गोळा करून एखादे प्रकरण शेवटपर्यंत लढवावे, अशी विनंती आहे. माझे बिल मी जपून ठेवले आहे. अशा बिलाच्या कागदावरची छपाई काही काळाने पुसट होते, म्हणून त्याची झेरॉक्सही काढली आहे.

आपला,
एक ज्येष्ठ ग्राहक, भुसावळ