अकलंकांचे मडके आणि अकलंकांचा तर्क

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीतील भारतीय वादपरंपरेवरच्या लेखात आठव्या शतकातील जैन तार्किक भट्ट अकलंक यांना स्थान मिळाले, याचा आनंद झाला. मात्र त्यांच्या वाट्याचा सगळा मजकूर हिमशीतल राजाच्या सभेतील कथेनेच व्यापला. पडद्याआडच्या मडक्यातून बौद्धांच्या वतीने बोलणाऱ्या तारादेवीला अकलंकांनी निरुत्तर केले आणि मडके लाथेने फोडले, ही कथा आमच्याकडे पाठशाळेतील मुलांनाही येते. श्रवणबेळगोळच्या मल्लिषेण प्रशस्तीत, म्हणजे मल्लिषेण या जैन मुनींच्या स्तुतिपर शिलालेखात, तिचा उल्लेख आहे खरा, पण तो शिलालेख १२व्या शतकातला, म्हणजे अकलंकांनंतर सुमारे चारशे वर्षांनी कोरलेला. याच प्रशस्तीत अकलंक ज्याला उद्देशून बोलतात तो साहसतुंग राजा म्हणजे वेरूळच्या दशावतार लेण्यात ज्याचा शिलालेख आहे तो राष्ट्रकूट दंतिदुर्ग, असे अनेक अभ्यासक मानतात. मराठी वाचकाला जवळचा वाटणारा हा धागा लेखात यायला हवा होता.

त्यांचा खरा वाद ग्रंथांत आहे. वस्तू एकाच वेळी अनेकधर्मी असते, या जैन मताची थट्टा करताना बौद्ध आचार्य धर्मकीर्तींनी विचारले होते की, सगळेच जर उभयरूप, म्हणजे हेही आणि तेही, असेल, तर ‘दही खा’ म्हटल्यावर माणूस उंटाकडे का धावत नाही? ‘न्यायविनिश्चय’ या आपल्या ग्रंथात अकलंकांनी दिलेले उत्तर तितकेच मिश्कील आहे. बुद्ध पूर्वजन्मी हरीण होते, हे बौद्धांनाही मान्य आहे. तरी बुद्ध वंदनीय आणि हरीण खाद्य, हा भेद ते पाळतातच, मग दही आणि उंट यांच्यातला भेद आम्ही पाळला तर बिघडले कुठे?

दुसरी गोष्ट प्रमाणांची, म्हणजे खात्रीच्या ज्ञानाच्या साधनांची. जैन आगमांत, म्हणजे प्राचीन धर्मग्रंथांत, इंद्रियांनी होणारे ज्ञान परोक्ष (अप्रत्यक्ष) मानले जाई, तर इतर दर्शने त्यालाच प्रत्यक्ष म्हणत, त्यामुळे वादसभेत शब्दांवरच घोडे अडे. ‘लघीयस्त्रय’ या ग्रंथात अकलंकांनी इंद्रियज्ञानाला सांव्यवहारिक (व्यवहारापुरते) प्रत्यक्ष म्हणून जागा दिली आणि परोक्षात स्मृती, प्रत्यभिज्ञान (‘हे तेच’ अशी ओळख), तर्क (‘जेथे हे तेथे ते’ अशा नियमाचे ज्ञान), अनुमान व आगम (शास्त्रवचन) असे पाच प्रकार बसवले. बौद्ध प्रत्यक्ष आणि अनुमान ही दोनच प्रमाणे मानत. पण धूर दिसल्यावर अग्नीचे अनुमान करायचे, तर ‘जेथे धूर तेथे अग्नी’ हे आधी आठवायला नको का? आठवणीलाच प्रमाण मानले नाही, तर अनुमान उभे राहणार कशावर? माझ्या मते जैन न्यायातील सर्वांत बळकट जागा हीच आहे, आणि पुढे जैन आचार्य माणिक्यनंदींच्या ‘परीक्षामुख’ या ग्रंथाने हीच मांडणी सूत्रबद्ध केली.

अकलंकांची शैली इतकी आटोपशीर की त्यांची ‘अष्टशती’ ही टीका तिच्यावरील विद्यानंदांच्या ‘अष्टसहस्री’ या विस्तृत विवरणाशिवाय सहसा उलगडत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. तरीही या विषयाला पुन्हा जागा देता आली, तर दही-उंटाचा हा वाद एखाद्या जाणकाराकडून सविस्तर लिहवून घ्यावा, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, सांगली