ठरल्या वेळी येणाऱ्या काकांना

सप्रेम नमस्कार.

मुलांसोबत काम करणाऱ्या आम्हा काही जणांचं हे पत्र. उघड अशासाठी लिहितोय, की तुम्ही दीड वर्ष दर आठवड्याला एका मुलाला सोबत केलीत, ते करू पाहणारं आणखी कुणीतरी असेल आणि त्याला यातलं काही उपयोगी पडेल. मुलाचं नाव-गाव लिहीत नाही. वय नऊ, घरात आई आणि तो, वडील नाहीत, एवढं पुरे.

पहिले आभार शनिवारचे. दर शनिवारी चार ते सहा. ‘येत जाईन अधूनमधून’ असं तुम्ही म्हणाला नाहीत. ज्याच्या घरातून एक माणूस कायमचा गेलाय ते मूल कोण आलं यापेक्षा कोण आलं नाही याचा हिशोब जास्त काटेकोर ठेवतं. पाचला पोचलेला पाहुणा मोठ्यांच्या लेखी उशिरा आलेला असतो. मुलाच्या लेखी तो चारला आलाच नाही, आणि मधला तास आपलं काय चुकलं हे शोधण्यात जातो. तुम्ही निघताना पुढची तारीख त्याच्याच हातानं कॅलेंडरवर लिहून घेत होतात. जमणार नसेल तर आदल्या दिवशी फोन, आणि तोही आईकडे निरोप न ठेवता थेट त्याच्याशी. कारण एका वाक्यात, बदली दिवस त्याच फोनवर पक्का.

हे बारीकसारीक वाटेल, पण घोडं इथंच अडतं. अमेरिकेत मूल आणि त्याला नेमानं भेटायला येणारं मोठं माणूस अशा जोड्यांच्या एका अभ्यासात (2002 साली तो प्रसिद्ध झाला) वर्षभर किंवा त्याहून जास्त टिकलेल्या सोबतीचा फायदा मुलांना सर्वांत जास्त झालेला दिसला. तीन महिन्यांच्या आत सोबत तुटलेल्या मुलांना मात्र स्वतःबद्दल आधीपेक्षाही कमी वाटू लागलं होतं. म्हणजे चार भेटी देऊन गायब होणाऱ्यानं मुळात न गेलेलं बरं. वर्षाची खात्री नसेल तर सुरुवातच करू नये, असं आम्ही इच्छुकांना तोंडावर सांगतो. काहींना राग येतो. येऊ दे.

दुसरे आभार त्या वाईट महिन्याचे. सुरुवातीच्या भेटींत मूल पाहुण्यांसमोर वागावं तसं शहाण्यासारखं वागतं. मग एक दिवस खेळ अर्ध्यात उधळतं, उलट बोलतं, ‘नाही आलात तरी चालेल’ म्हणतं. बरेच जण इथं दुखावतात आणि हळूहळू येणं कमी करतात. मुलाला नेमकी तीच भीती असते. टाकलं जाण्यापेक्षा आपणच ढकलून दिलेलं त्याला कमी दुखतं, म्हणून ते ढकलून बघतं. तुम्ही समजूत घातली नाहीत, रुसलाही नाहीत. ‘बरं, आज खेळायचं नाही. मी सहापर्यंत इथंच आहे,’ एवढं म्हणून पायरीवर पुस्तक वाचत बसलात आणि सहाला नेहमीसारखी तारीख लिहून घेतलीत. असे ओळीनं चार शनिवार. पाचव्याला तो सायकल घेऊन बाहेर आला.

त्या सायकलीबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं. मुलाला बोलतं करायचं म्हणून समोर बसवून ‘काय चाललंय मनात?’ विचारलं की ते गप्प होतं. हात कामात आणि नजर कामावर असली की तेच मूल आपणहून बोलतं. पंक्चर काढणं यासाठी उत्तम, कारण त्यात थांबावं लागतं. चाक सोडवायचं, दोन पट्ट्यांनी टायरची एक कड रिमबाहेर काढायची, व्हॉल्व्हची चकती सोडवून ट्यूब ओढायची. थोडी हवा भरून ट्यूब बादलीतल्या पाण्यातून वीतवीत सरकवायची. बुडबुडे आले की तिथं खूण. ट्यूब पुसून पूर्ण कोरडी करायची, ठिगळापेक्षा थोडी मोठी जागा पॉलिश पेपरनं घासायची आणि सोल्यूशनचा पातळ थर द्यायचा. इथं सगळे चुकतात: ओल्या सोल्यूशनवरच ठिगळ दाबतात आणि हवा भरली की ते सरकतं. चार-पाच मिनिटं थांबून, हाताला चिकटेनासं झाल्यावर ठिगळ बसवायचं आणि मधून कडेकडे दाबत जायचं. चाक परत चढवण्याआधी टायरच्या आतून फडकं फिरवून काटा शोधायचा, नाहीतर नवी ट्यूबही त्याच जागी फुटते.

ती चार-पाच मिनिटं सोन्याची. त्या वेळात तुम्ही काही विचारलं नाहीत म्हणून त्यानं सांगितलं: शाळेत कुणी विचारलं तर आपण ‘बाबा परगावी असतात’ म्हणतो. तुम्ही ‘खोटं बोलू नये’ म्हटलं नाहीत. ‘विचारलं की अवघड होत असेल,’ एवढंच म्हणालात आणि ठिगळ त्याच्या हातात दिलंत. त्याचं पहिलं ठिगळ गळलं. ते गुपचूप दुरुस्त करून न ठेवता पुढच्या शनिवारी त्यालाच परत काढायला लावलंत, याबद्दल वेगळे आभार.

पंपाची नळी तुटली तेव्हा तुम्ही चिडलात, हेही चांगलं झालं. चिडलात, पंप खाली ठेवलात, पाणी प्यायलात, पाच मिनिटांनी परत आलात आणि ‘मघाशी आवाज चढला, तुझ्यावर नव्हता’ म्हणालात. पुरुषाचा राग केवढा असतो आणि तो संपतो कसा, हे जवळून पाहायला न मिळालेलं मूल त्याचा अंदाज पडद्यावरून बांधतं. तिथं राग फक्त फोडाफोडीत संपतो.

आईची उणीव काढायला तुम्ही आला नव्हतात, हे तुम्ही कधी विसरला नाहीत. एकट्या आईची मुलं बिघडतात, ही समजूत आम्हाला मान्य नाही. हवाईतल्या काउई बेटावर 1955 साली जन्मलेल्या 698 मुलांचा चाळिशीपर्यंत मागोवा घेतला गेला. त्यातल्या सर्वांत बिकट परिस्थितीतल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश सक्षम, मायाळू माणसं झाली, आणि त्यांच्यापाशी बहुधा निदान एक भरवशाचं मोठं माणूस होतं: आजी, शेजारी, शिक्षक, कुणीही. मूल एकटं पडतं ते आपलं लक्षात ठेवणारी माणसं मोजकी असतात म्हणून. त्या मोजक्यांत एकाची भर, एवढंच तुमचं काम होतं. आईनं ‘नाही’ म्हटलेल्या गोष्टीला तुम्ही कधी ‘हो’ म्हटलं नाहीत. महागडी भेट एकदाही आणली नाहीत, ते बरं केलंत. नाहीतर मूल हातांकडे बघू लागतं.

नियम तर होतेच. भेट उघड्या जागी, आईला दिसेल अशी. ‘हे आपल्या दोघांतच’ असं एकही वाक्य नाही. जवळ घेण्याची सुरुवात त्याच्याकडून. फोटो काढून मिरवणं नाही. भल्या माणसाला हे नियम अपमानास्पद वाटू शकतात, तुम्हाला वाटले नाहीत. मुलाचं रक्षण होतंच, शिवाय भल्या माणसावर उगाच बोट उठत नाही.

एकदा त्याच्या तोंडून ‘बाबा’ निघालं आणि तो लाजून पळाला. तुम्ही हसण्यावारी नेलं नाहीत, डोळेही पुसत बसला नाहीत. ‘मी काका. पण कुठलीही हाक मारलीस तरी मला कळेल,’ म्हणालात आणि त्याच संध्याकाळी आईच्या कानावर घातलंत.

आता तुमची बदली झालीय. हे तुम्ही त्याला आठ शनिवार आधी सांगितलंत, ‘तू काही केलंस म्हणून नाही’ हे स्पष्ट शब्दांत आणि एकदाच नव्हे. शेवटच्या भेटीला समारंभ टाळून नेहमीचंच काम काढलंत. ‘दर आठवड्याला बोलू’ असं भावनेच्या भरात कबूल न करता महिन्याचा पहिला शनिवार, चार वाजता, एवढंच ठरवलंत, कारण तेवढंच निभेल.

जाताना पंक्चरचा डबा त्याच्याकडे ठेवलात. त्यातली सोल्यूशनची उघडलेली ट्यूब आतून सुकत चालली आहे, टोपण नीट बसत नाही. या शनिवारी तो तुम्हाला बहुतेक तेच विचारणार आहे.

आपले,
मुलांसोबत काम करणारे आम्ही काही जण