मान वळली की हनुवटी तिरकी

महोदय,

मोबाइल अ‍ॅपने दिलेल्या 'सिमेट्री'च्या गुणांवरून पुरुषांचे चेहरे स्त्रियांपेक्षा जास्त तिरके असतात, असे आपल्या पुरवणीत छापून आले आहे. सेल्फीवरून हाडांबद्दल असे काही सांगता येत नाही.

हनुवटी कानांच्या रेषेच्या ८ सेंटीमीटर पुढे आहे असे धरा. मान ३ अंशांनी वळली, म्हणजे डोळ्यांना कळणारही नाही इतकी, की हनुवटी ४ मिलिमीटर बाजूला दिसते. समोरून सेफॅलोग्राम (मोजमापासाठी डोक्याचा एक्स-रे) काढताना डोके कानांतल्या दांड्यांनी धरतात ते यासाठीच. पण एक कान दुसऱ्याच्या मागे असेल, तर त्या दांड्याच डोके वळवतात. सीबीसीटीत (त्रिमितीय एक्स-रे स्कॅनमध्ये) डोके नंतर संगणकावर सरळ करता येते. मग प्रश्न उरतो चेहऱ्याचे डावे-उजवे भाग करणारी मध्यपातळी कुठून न्यायची याचा. नॅसिऑन (नाकाचे मूळ), सेला (कवटीच्या तळातला खळगा), बेसिऑन (कवटीच्या तळच्या मोठ्या छिद्राची पुढची कड) हे कवटीचे बिंदू त्यातल्या त्यात भरवशाचे. वरच्या जबड्याचा बिंदू घेतला आणि तो जबडाच सरकलेला निघाला, तर सरळ हनुवटी फुकट दोषी ठरते.

काहींचा एखादा दात आधी टेकतो आणि तोंड मिटताना जबडा बाजूला घसरतो. तोंड सावकाश मिटायला लावून दातांची मध्यरेषा शेवटच्या क्षणी हलते का, ते पाहावे. हलत असेल तर दोष हाडात असेलच असे नाही.

आता स्त्री-पुरुष तुलना. समजा, पुरुषाच्या रॅमसची (खालच्या जबड्याच्या कानाकडे चढणाऱ्या उभ्या भागाची) उंची उजवीकडे ६६, डावीकडे ६३ मिलिमीटर आणि स्त्रीची ५७ व ५४.३. फरक पुरुषात मोठा, ३ विरुद्ध २.७. पण जबड्याच्या आकाराच्या मानाने पाहायला फरकाला दोन्ही बाजूंच्या बेरजेने भागून शंभराने गुणले की पुरुषाचे २.३३ टक्के आणि स्त्रीचे २.४३ येतात. शिवाय 'उजवे वजा डावे' यातले उणे चिन्ह पुसले, तर सरासरी कधी शून्य येतच नाही आणि सगळा समाज वाकडा ठरतो! तीच मापे पंधरवड्याने पुन्हा घेऊन दोन वेळच्या मापांतल्या तफावतीवरून, डालबर्गच्या सूत्राने, मोजणीची चूक काढावी. ती १ मिलिमीटर असेल, तर अर्ध्या मिलिमीटरच्या फरकावर बोलू नये.

निव्वळ कुतूहलापोटी सीबीसीटी करू नये, किरणोत्सर्ग असतो. मात्र प्रौढ वयात हनुवटी नव्याने एका बाजूला सरकू लागली, तर जुने समोरून काढलेले फोटो घेऊन दंतवैद्याकडे जावे. जबड्याच्या सांध्याचे हाड एका बाजूला वाढत असू शकते.

— दोन ऑर्थोडॉन्टिस्ट, पुणे