तक्रार: ‘६ ते ३० व्होल्ट’ लिहिलेला कार पॉवर सप्लाय सेल्फ मारताच मान टाकतो

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा

आजच्या चौथ्या फोननंतर हे लिहितो आहे. तक्रार क्रमांक तुमच्याकडे आहे. तीन वेळा ‘सोडवली’ म्हणून बंद केलीत, तीच ही.

खोक्यावर इनपुट ६ ते ३० व्होल्ट आणि आउटपुट स्थिर १२ व्होल्ट छापलंय. गाडीतल्या मिनी-आयटीएक्स बोर्डाला (छोट्या कॉम्प्युटरच्या मदरबोर्डाला) हा सप्लाय जोडला आहे. सेल्फ मारला की बोर्ड रीसेट. दर वेळी. स्कोपवर (व्होल्टेजचा आलेख दाखवणाऱ्या यंत्रावर) बॅटरी क्षणभर ८.९ व्होल्टपर्यंत उतरते आणि मग जवळपास सेकंदभर साडेदहाच्या आसपास राहते. धडधाकट बॅटरीचंही सेल्फ मारताना इतपत होतंच. तेवढ्यासाठीच तर ‘६ पासून’ लिहिलेला सप्लाय घ्यायचा असतो.

टेबलावर ४ अँपिअर लोड लावून इनपुट हळूहळू उतरवलं. १२.६ ला आउटपुट ११.८, १२ ला ११.२, १०.५ ला ९.७ आणि ९ ला सगळं बंद. म्हणजे आउटपुट इनपुटच्या मागे ०.८ व्होल्ट अंतर ठेवून चालतं. याचा अर्थ आत फक्त बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवणारा) आहे, बूस्ट (चढवणारा) नाही, हे कळायला सील तोडावं लागत नाही. बकमधून इनपुटपेक्षा जास्त व्होल्टेज निघत नाही. एटीएक्सची, म्हणजे कॉम्प्युटर सप्लायच्या मानकाची, १२ व्होल्टची लाइन ५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे ११.४ पर्यंत उतरलेली चालते. तुमचा सप्लाय इनपुट १२.२ च्या खाली गेलं की तिथेच नापास. मग ‘६’ हा आकडा आला कुठून?

आता आजचा फोन. तुमच्या प्रतिनिधीचा पहिला प्रश्न: “सर, गाडी बंद करून परत चालू करून बघितली का?” मी म्हटलं, चालू करतानाच तर बिघडतंय. “हो सर, पण एकदा करून बघा.” ११ मिनिटं संगीत ऐकवलं, मग वरिष्ठ आले. “बॅटरी वीक असेल.” रेस्टला १२.६, इंजिन चालू असताना १४.२, सांगितलं. “मग वायरिंग असेल.” बॅटरीपासून थेट ४ स्क्वेअर एमएमची वायर, ३० सेंटिमीटरच्या आत १५ अँपिअरचा फ्यूज, रंग खरवडून उघड्या पत्र्यावर अर्थ, लोडवर अर्थचा ड्रॉप ०.०४ व्होल्ट. तेही सांगितलं. थोडी शांतता. “सर, एक मोठा कपॅसिटर (क्षणभर वीज साठवणारा भाग) लावा.” केवढा? “४७०० मायक्रोफॅरड.”

हिशेब तुमच्या डिझाइन विभागाला येतच असेल, तरी लिहितो. ४ अँपिअरवर १२ चे ११.४ व्हायला ४७०० मायक्रोफॅरडला ०.७ मिलिसेकंद लागतं. एक सेकंद तग धरायला ६.७ फॅरड हवेत, म्हणजे असे चौदाशे कपॅसिटर. डिकीत मावतील, फक्त स्टेपनी घरी ठेवावी लागेल. शेवटी वरिष्ठांनी विचारलं, “सर, तुम्ही इंजिनियर आहात का?” नसतो तर तुमचं उत्तर बरोबर ठरलं असतं का?

दुसरं, स्टँडबाय करंट, म्हणजे गाडी बंद असताना सप्लाय खातो तो. माहितीपुस्तिकेत १ मिलिअँपिअर. गाडी बंद करून अर्ध्या तासाने मोजला: सप्लायचा फ्यूज काढून २५ मिलिअँपिअर, लावून २०५. म्हणजे १८० तुमचे. दिवसाला ४.३ अँपिअर-अवर. ३५ अँपिअर-अवरची बॅटरी चार दिवसांत अर्धी. नंतर सेल्फ लागला नाही की पुन्हा “बॅटरी वीक”च ऐकायचं ना?

तिसरं, डिकीतल्या ॲम्प्लिफायरमधली कुंईं. रेस दिली की सूर चढतो. बोर्डाकडून ॲम्प्लिफायरला जाणारी आवाजाची केबल (आरसीए) काढली की गप्प. सप्लाय बाजूला ठेवून स्वतःच्या बॅटरीवर चालणारा लॅपटॉप त्याच आरसीएला जोडला, तरी गप्प. तुमचा सप्लाय परत लावला की हजर. आउटपुटची निगेटिव्ह थेट बॉडीला जोडलेली असल्याने डॅशबोर्डचा आणि डिकीतला अर्थ मिळून ग्राउंड लूप होतो, म्हणजे दोन अर्थमधून नको तो करंट फिरून आवाजात मिसळतो. यावर तुमचा सल्ला होता, स्पीकर बदला.

मागणी साधी आहे. १२ व्होल्टची लाइन ४ अँपिअरवर किती इनपुटपर्यंत टिकते, ते लेखी द्या. खरोखर बक-बूस्ट (उतरवणं आणि चढवणं दोन्ही) असलेला सप्लाय द्या, नाहीतर पूर्ण पैसे परत करा. १५ दिवसांत उत्तर नाही आलं तर आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि मग जिल्हा ग्राहक आयोगात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहक राहतो तिथेच तक्रार दाखल होते आणि ५ लाखांपर्यंत फी नाही. तेव्हा तुमचं ऑफिस लांब आहे यावर विसंबू नका.

तुमचा जुना मॉडेल ७ व्होल्टवरही १२ देत होता. तो बंद करून हा आणलात. आत बूस्ट नसताना खोक्यावर मात्र ‘६’ छापलात, हे पुन्हा लिहितो आहे, कारण फोनवर तीनदा सांगूनही कोणी नोंदवून घेतलेलं नाही.

मोजमापांचे फोटो आणि बिलाची प्रत सोबत जोडली आहे. उत्तर डिझाइन विभागाकडूनच यावं. गाडी बंद करून चालू करायला सांगणारा फोन यापुढे नको.

एक ग्राहक